शाळा व शिक्षकांस सवलत

त्या दोन वर्षांत मी सगळा डोंगर बाजेवरून पाहिला. आमचं घर लोहगडवाडीत, गडाच्या अगदी पायथ्याशी. पडवीत माझी बाज टाकलेली असे. तिच्यावर पडल्या पडल्या उजवीकडे गडाचा काळा कडा दिसे आणि डावीकडे उतार. उताराच्या तळाशी मळवलीचं स्टेशन होतं. ते दिसत नसे, नुसतं ऐकू येई. मला सांधेतापानं धरलं होतं. आधी गुडघे सुजले, मग घोटे, आणि मग लोणावळ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. माझ्या वडिलांना, आबांना, बाजूला घेऊन ते म्हणाले की पोरीच्या काळजाला इजा झाली आहे, दोन वर्षं हिला चढउतार बंद. आमची शाळा खालच्या गावात, म्हणजे जाताना सगळा उतार आणि येताना सगळा चढ. तिसरीचं पुस्तक अर्ध्यावर आलं होतं. आईनं ते फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिलं. शाळा संपली असं कोणी बोललं नाही, पण आईचा हात ज्या निगुतीनं गाठ मारत होता त्यावरून मला ते समजलं.

आजारपणातले दिवस मला अजूनही सलग आठवत नाहीत, ते धुक्यातून आठवतात. पावसाळ्यात आमच्याकडे ढग घरात येत. पडवीतून आत शिरत, चुलीच्या धुरात मिसळत, आणि मग धूर कुठला नि ढग कुठला हे डोळ्यांना कळेनासं होई. ढोरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत, पण कोणत्या बाजूनं ते समजत नसे. खालून गाडीची शिट्टी येई ती कधी पायाशी वाजल्यासारखी, कधी गडाच्या माथ्यावरून आल्यासारखी. अंगात ताप असला की मला वाटे, घरच सुटलं आहे, दावं तुटलेल्या वासरासारखं हळूहळू उताराकडे निघालं आहे, आणि आई चुलीपाशी बसून भाकरी थापते आहे ती त्याला धरून ठेवण्यासाठीच. नाचणीच्या पिठावर तिच्या हाताचा थप थप असा आवाज होई. तो चालू आहे तोवर घर जागेवर आहे, असा माझा हिशेब होता. मला मीठ कमी सांगितलं होतं, म्हणून माझी आंबील वेगळी होई, आणि बाकीच्यांच्या कुळथाच्या पिठल्याचा लसणाचा वास पडवीत येऊन माझ्याभोवती रेंगाळत राही. इतक्या वर्षांनी आज माझ्या घरात सगळ्या डाळी आहेत, पण कुळथाचं पिठलं झाल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. ती त्या दोन वर्षांची भूक आहे, ती काही फिटत नाही.

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं. दादा लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात खलाशी होता आणि सुटीच्या दिवशी तेवढा वर येई. त्याची बायको शालनवहिनी तळेगावची. ती सातवीची फायनल पास झाली होती आणि तिला पुण्याला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग करायचं होतं. तिच्या वडिलांनी त्याऐवजी तिचं लग्न लावून दिलं. हे तिनं मला पुढं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही भांडी घासता घासता. त्या वेळी मला एवढंच दिसलं की नवी नवरी हळदीच्या हातानं फळीवरचं फडकं सोडते आहे. तिनं पुस्तक उघडलं, मी दुमडून ठेवलेलं पान सरळ केलं आणि मला विचारलं, "इथंच थांबली होतीस ना? चल, पुढं वाच."

"अगं, ती आजारी हाय," आई आतून म्हणाली.

"पाय आजारी आहेत, आत्याबाई. डोळे बरे आहेत."

आईनं पहिले काही दिवस कुरकुर केली. दळण, पाणी, शेण, ढोरं, एवढ्या कामात सुनेनं पुस्तक घेऊन बसावं हे तिला रुचणं शक्य नव्हतं. वहिनीनं वाद घातला नाही. ती पहाटे उठून सगळं आटपी आणि दुपारी ढोरं सावलीला बसली की माझ्या बाजेशी येई. त्या वेळेला गुराखी पोरंही मोकळी असत. आधी शेजारची ठकी आली, मग तिचा भाऊ, मग पलीकडच्या वाडीवरची चार पोरं. ती कधी कोणत्याच शाळेत गेली नव्हती. ती पडवीच्या कडेला उकिडवी बसत आणि पहिले आठ दिवस नुसती ऐकत राहिली. असं करता करता माझ्यासकट नऊ जण झालो. पाट्या दोनच होत्या. बाकीचे कोळशानं फरशीवर लिहीत. दादा लोणावळ्याहून काहीबाही बांधून आणी, त्याचे कागद वहिनी इस्तरी केल्यासारखे हातानं सपाट करून ठेवी. आम्ही वाचायला शिकलो ते त्या कागदांवर. त्यामुळं आमच्या धड्यांना सुरुवात असे तर शेवट नसे. एका राजाची गोष्ट अर्ध्यातच फाटली होती, आणि पुढं काय झालं असेल ते प्रत्येकानं सांगायचं, असा वहिनीचा नियम होता. पाढे म्हणताना कोणी अडलं की चुलीपाशून आवाज येई, "सात सक बेचाळीस!" आई शाळेत एक दिवसही गेली नव्हती. ऐकून ऐकून तिचे बारापर्यंतचे पाढे आमच्याआधी झाले.

भूगोलाला मात्र वहिनी अडली. पृथ्वी गोल आहे, हे पडवीतल्या कोणालाच पटेना. गडावरून पाहिलं तरी ती खड्ड्याखळग्यांचीच दिसते, असं ठकीच्या भावाचं म्हणणं. तेव्हा वहिनीनं परड्यातला तांबडा भोपळा आणला. तो वरखाली चपटा होता, आणि पृथ्वीही तशीच चपटी असते म्हणून ती फार खूश झाली. तिनं त्यावर कोळशानं आठवतील तसे देश काढले. दोन दिवस आम्ही भोपळा फिरवून दिवस आणि रात्र करत होतो. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "भाजीला काय करू मंग?" आणि संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी पृथ्वी खाल्ली. माझ्या वाट्याला बिनमिठाचा तुकडा आला. वहिनी हसत होती, पण जेवण झाल्यावर ती मला हळूच म्हणाली, "लोणावळ्याच्या दुकानात खरा गोल आहे. मी पाहिलाय. देश रंगवलेले आहेत आणि बोटानं फिरतो."

परवा माझ्या नातीचा फोन आला होता. ती तिच्या दोन्ही मुलांना घरीच शिकवते. आता तशी पुष्कळ लोकं आहेत म्हणे. पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानात शिक्षकांना सवलत आहे, पण तिला ती देईनात, ओळखपत्र मागतात, म्हणून ती चिडली होती. "आजी, तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस. तूच सांग, मी शिक्षिका आहे की नाही?" मी मुलांचं जेवण झालं का ते विचारलं. मला उत्तर सांगायचं असतं तर हे सगळं सांगावं लागलं असतं, आणि एवढं ऐकायला तिला वेळ कुठला!

दीड वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरांना दाखवायला मला लोणावळ्याला न्यायचं ठरलं. आबांनी मला पाठीवर घेऊन अख्खा डोंगर उतरवला. त्यांच्या मानेचा घामाचा आणि तंबाखूचा वास, बाजूनं सरकणारी कारवीची झाडं, आणि किती दिवसांनी सरळ उभं दिसणारं जग. मळवलीला आबा स्टेशनवरच थांबले, गाडीत मी आणि वहिनी बसलो. त्यांना परत मला वर न्यायचं होतं, आणि एका गाडीनं जाऊन दुसऱ्या गाडीनं यायचं असं ठरलं होतं. डॉक्टरांनी नळी लावली, हसले आणि म्हणाले, काळीज सुधारतंय, आता सपाटीवर हळूहळू चालू द्या. बाहेर पडताना वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की मला दुखलं. मग ती मला सरळ बाजारपेठेत घेऊन गेली. तिच्या पदराच्या गाठीला तुपाचे पैसे होते. ते तिनं सासूला विचारून घेतले होते, कशासाठी ते मात्र सांगितलं नव्हतं.

दुकानाच्या काचेत तो गोल होता. निळाच निळा, आणि त्यावर पिवळे, गुलाबी, हिरवे देश, आणि सगळं एका तिरक्या दांडीवर तोललेलं. मी काचेला नाक लावून उभी राहिले. दारावर पाटी होती. मी ती मोठ्यानं वाचली, कारण तेव्हा मी दिसेल ते वाचत असे. 'शाळा व शिक्षकांस सवलत.' वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. दुकानाचे मालक चष्म्यावरून बघणारे, अंगानं स्थूल, स्वभावानं गरीब गृहस्थ होते. त्यांनी गोलाची किंमत सांगितली आणि वहिनीचा हात पदराच्या गाठीवर गेला नि तिथंच थांबला.

"सवलत धरून केवढ्याला?" तिनं विचारलं.

"ती शिक्षकांना असते, बाई."

"मी शिकवते."

"असं होय! कोणती शाळा?"

वहिनी गप्प झाली. तिच्या गप्प राहण्यात तो निळा गोल माझ्या हातून निसटताना मला दिसला, आणि मीच बोलले, "लोहगडवाडीची."

"तिथं शाळा निघाली का? वा, वा," मालक म्हणाले. त्यांनी वहिनीचं नाव विचारलं, बिल लिहिलं, सवलत धरली, आणि गोल वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधून दिला. पैसे जेमतेम पुरले. वहिनीनं ते देताना मान वर केली नाही.

स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. मांडीवर पृथ्वी घेऊन मी बसले होते. कागदातूनही ती गार लागत होती. गाडीला थोडाच वेळ होता. खाली घाटातून इंजिनांचा आवाज चढत येत होता, ऊन मऊ झालं होतं, आणि माझ्या मनात मी केव्हाच पडवीत पोचून सगळ्यांना गोल फिरवून दाखवत होते. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "ऊठ."

"कुटं?"

"परत. तिथं शाळा नाहीये, कुंदा."

मी रडले. माझे पाय दुखतात म्हणाले, आणि ते खरंही होतं. गाडी जाईल, आबा वाट बघतील, असंही म्हणाले. तिनं एका काखेत गोल घेतला, दुसऱ्या हातानं मला उचलून कडेवर घेतलं आणि ती चालू लागली. नऊ वर्षांची घोडी मी, आणि ती मला कडेवर घेऊन भर बाजारातून चालली होती. मागं आमची गाडी आली आणि गेली.

दुकानात आता आणखी एक गिऱ्हाईक होतं. काळी टोपी, धुवट कोट, हातात शाईच्या बाटल्या. मी त्यांना लगेच ओळखलं. खालच्या गावच्या माझ्या शाळेचे कदमगुरुजी. वहिनीनं गोल फळीवर ठेवला आणि मालकांना सगळं सरळ सांगितलं. लोहगडवाडीला शाळा नाही, ती घरी पडवीत शिकवते, पोरगी खोटं बोलली आणि तिनं स्वतः ते खोटं ऐकून घेतलं. मालकांनी चष्मा काढून हातात धरला. कदमगुरुजीच पुढं झाले.

"बाई, राग मानू नका. मी दोन वर्षं ट्रेनिंग केलं. रोज चिखल तुडवत शाळेत जातो, साहेब तपासायला आला की उभा राहतो. म्हणून मला ही सवलत. घरात पाढे शिकवते ती प्रत्येक आई उद्या इथं येऊन सवलत मागायला लागली तर?"

"येऊ द्या की, गुरुजी. त्या पुस्तकंच नेतील ना?"

वहिनीनं गोल फळीवर पुढं सरकवला. "मी सवलत मागायला आले नाही. ती तुमची आहे. पण मला एवढं सांगा, मी दुपारी नऊ पोरांना घेऊन बसते, त्याला काय म्हणायचं?"

मालक हळूच म्हणाले, "राहू द्या हो बाई, न्या तसाच. पोरीकडे बघून देतो."

"नको," वहिनी म्हणाली. त्यांनी परत केलेले पैसे तिनं गाठीला बांधले आणि आम्ही बाहेर पडलो.

त्या दिवशी मी वहिनीचा मनापासून द्वेष केला. हे लिहायला या वयातही जड जातं, पण ते खरं आहे. मळवलीला आबा दिवस कलेपर्यंत त्याच जागी बसून होते. त्यांनी वहिनीचं तोंड पाहिलं, माझं पाहिलं, आणि वाकून मला पाठीवर घेतलं. पुढं कित्येक दिवस मी वहिनीशी बोलले नाही. ती शिकवी, मी उत्तरं देई, पण भिंतीकडे बघून. तिनं मला एकदाही समजावलं नाही. नेहमीसारखी ती पाट्या पुसून देत राहिली.

मग एका दुपारी पडवीखाली काळी टोपी दिसली. कदमगुरुजी डोंगर चढून आले होते. घामानं कोट पाठीला चिकटला होता. आई आतून पाणी आणि गूळ घेऊन आली. "पोरीला चौथीच्या परीक्षेला बाहेरून बसवायचं का, ते बघायला आलो," ते म्हणाले आणि खांबाला टेकून बसले. पण त्यांनी एकट्या मला विचारलं नाही. ठकीला वाचायला लावलं, तिच्या भावाला पाढे विचारले, पलीकडच्या वाडीवरच्या सोमाला बेरीज घातली. सोमानं फरशीवर कोळशानं बेरीज केली, आणि हातचा विसरल्यावर आतून आईच बोलली, "हातचा एक राह्यला की रं!" गुरुजींनी दचकून आत पाहिलं. मला त्यांनी विचारलं की आपल्याकडे दुपार असते तेव्हा पृथ्वीच्या पलीकडे काय असतं.

"रात असते."

"कशावरून?"

मी उठले, सूर्य म्हणून चुलीपाशून जळतं लाकूड आणायला लावलं आणि भोपळा फिरवून दाखवला. तो तिसरा की चौथा भोपळा होता. फिरवता फिरवता मी वहिनीकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं. ती उंबऱ्यात उभी होती आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, माझं काही चुकू नये म्हणून. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

गुरुजी उरलेलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "बाई, त्या दिवशी बोललो त्यातला शब्द मी मागं घेत नाही. तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही, हजेरी नाही, तपासायला कोणी नाही. पण काय म्हणायचं ते तुम्ही विचारलंत, आणि ते माझ्या डोक्यातून गेलं नाही." त्यांनी खिशातून कागद काढला आणि मांडीवर धरून लिहिला. वहिनीनं तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की लोहगडवाडीत शाळा नाही. मात्र सौ. शालन या आपल्या घरी नऊ मुलांना नियमितपणे शिकवतात. या मुलांची मी स्वतः परीक्षा घेतली आहे, व त्या शिक्षिका आहेत असे माझे मत आहे.

"शिक्का मारता येणार न्हाई का?" आबांनी विचारलं.

"शिक्का माझ्या शाळेचा आहे, आबा. ही शाळा माझी नाही."

शिक्का नसलेला तो कागद चालेल का, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. आईचं म्हणणं, एवढा अपमान झाल्यावर त्या दुकानाची पायरी चढूच नये. वहिनी तिसऱ्या दिवशी पायरी चढली. मीही बरोबर होते, आणि या वेळी उतारावरचा निम्मा रस्ता माझ्या पायांनी उतरले होते, निम्मा आबांच्या पाठीवर. मालकांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग बिलाचं पुस्तक ओढलं. "इथं शाळेचं नाव लिहावं लागतं," ते म्हणाले. "काय लिहू?"

"घर," वहिनी म्हणाली. "घर लिहा."

त्यांनी तसं लिहिलं आणि सवलत धरली.

गोल वहिनीनं बांबूच्या पाटीत ठेवून डोक्यावरून वर आणला. उतरतं ऊन होतं, गवत वाळून सोनेरी झालं होतं, आणि पुढं चालणाऱ्या वहिनीच्या डोक्यावर सुतळीनं बांधलेलं जग हलकेच डुलत होतं. मी आबांच्या पाठीवरून ते बघत होते आणि मला पुन्हा तापात वाटे तसं वाटलं, की सगळं सुटून तरंगत चाललंय. पण आता भीती नव्हती. वाडीवर पोचलो तर पोरं उतारावर येऊन बसली होती. कागद सोडला तेव्हा सगळी पुढं सरकली. सोमानं एक बोट लावलं आणि भाजल्यासारखं मागं घेतलं. वहिनीनं गोल फिरवला, आणि पडवीत सगळे देश एकमेकांत मिसळून निळे झाले.

आबा आयुष्यात कधी धड्याला बसले नव्हते. ते खांबापाशी उभे होते, ते जवळ आले. "ह्यात आपली वाडी कुटं हाय?"

वहिनीनं गोल थांबवला, शोधलं, आणि बोट टेकवलं. "ही इथं, आबा. पुणं, मुंबई, आपला गड, सगळं माझ्या बोटाखाली आलं."

"बोट काड मंग. बगू दे की."

वहिनीनं बोट काढलं. तिथं काहीच नव्हतं. नुसता पिवळा रंग होता. पोरं आबांच्या तोंडाकडे बघू लागली. आबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि डोळे बारीक करून त्या पिवळ्या रंगाकडे फार वेळ बघत राहिले.

"बारीक हाय," ते म्हणाले. "पन हाय."